पिवळ्याची प्रकृती स्थिर आहे

आजार ज्याचा त्याचा असतो, पण आजारी माणूस सगळ्यांचा असतो. पुण्यात हा नियम अधिक काटेकोरपणे पाळला जातो. कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीने तो माशालाही लागू केला, याबद्दल सोसायटीचं करावं तेवढं कौतुक थोडं आहे.

मासा आमचा नव्हता, सलिलचा होता. सलिल म्हणजे माझा मुलगा. हिंजवडीत नोकरी लागल्यावर त्याने हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी बसवली. तीत जिवंत प्रवाळ, गोगलगायी, दोन शोभेच्या कोळंब्या आणि हळदीसारखा पिवळा, तळहाताएवढा एक मासा. मग कंपनीने त्याला सहा महिन्यांसाठी अमेरिकेला पाठवलं. (या सहा महिन्यांचं सध्या तिसरं वर्ष चालू आहे.) टाकी उल्काकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे आली. तिचं माहेर मालवणचं. "मिठाच्या पाण्यात मासा, आणि खायचा नाही?" हा तिचा पहिला प्रश्न होता. पुढे तीच त्याला हाताने भरवायला लागली. नाव तिने 'पिवळ्या' ठेवलं. गेल्या वर्षी उल्का गेली आणि टाकी माझ्याकडे आली.

उल्का गेली तेव्हा तेरा दिवस घर भरलेलं होतं. चौदाव्या दिवशी डबेवाल्या काकू तेवढ्या आल्या, त्याही डबा द्यायला. यात लोकांची चूक नाही. गेलेल्या माणसाबद्दल बोलायला वाक्यं तीन-चारच असतात, ती तेरा दिवसांत संपतात. शिवाय गेलेल्या माणसावर उपाय सुचवता येत नाही, आणि उपाय सुचवता येत नसेल तर आपला माणूस एखाद्याच्या घरी बसून करणार काय?

ही अडचण पिवळ्याने दूर केली. एके सकाळी त्याच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसले आणि तो दगडाला अंग घासायला लागला. बिबवेवाडीहून संजय आला. त्याचं शोभेच्या माशांचं दुकान आहे. त्याने काचेला नाक लावलं आणि निदान केलं, "काका, किडा आहे."

हा किडा डोळ्याला धड दिसत नाही, पण त्याची कार्यपद्धती शिस्तीची आहे. तो माशाच्या अंगावर काही दिवस राहतो, खाऊनपिऊन खाली उतरतो, तळाशी कुटुंब वाढवतो आणि सगळ्यांना घेऊन परत येतो. (मे महिन्यात आमच्याकडेही ही पद्धत होती.) त्यावर औषध तांब्याचं. मात्र ते मोठ्या टाकीत घालायचं नाही, कारण तांब्याने किड्याबरोबर प्रवाळ, गोगलगायी आणि कोळंब्याही मरतात. म्हणून रुग्णाला वेगळ्या टाकीत हलवायचं. तीत वाळू नाही, दगड नाही. लपायला नळाच्या पाइपचा एक तुकडा. मोठी टाकी दोन-अडीच महिने माशाशिवाय ठेवायची, म्हणजे यजमान नसल्याने पाहुणे उपाशी मरतात. छोटी टाकी ठेवायला डायनिंग टेबलावर उल्काच्या बाजूला जागा होती, तिथे ठेवली.

बातमी संध्याकाळपर्यंत चारही मजल्यांवर पोहोचली. पहिले आले सोसायटीचे चेअरमन जयसिंगराव. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, म्हणजे पाण्यातले तज्ज्ञ. आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून त्यांनी मोसंबी आणली. (मासा मोसंबी खात नाही. मी खाल्ली.)

"काय म्हणतोय पेशंट?"

"आहे तसाच."

"झोप लागते का?"

"डोळे उघडे ठेवून झोपतो."

"आमच्या ऑफिसात असे पुष्कळ होते. सगळे पेन्शनीत गेले. काही होत नाही त्याला, अहो."

दुसऱ्या दिवशी रांग लागली. तुरटी फिरवा, कडुलिंब टाका, होमिओपॅथी बघा. यांतले निम्मे उपाय सुचवणाऱ्याच्या मेव्हण्याला गुण देऊन गेले होते. उरलेल्या निम्म्यांतले बरेचसे मासा शिजवण्याच्या कृतीच्या फार जवळ जात होते. गर्दी वाढली तेव्हा कमिटीने ठराव केला: एका सभासदाने एका भेटीत एकच उपाय सुचवावा. जयसिंगरावांनी नोटीस बोर्डावर रोज प्रकृतीचं निवेदन लावायला सुरुवात केली. "रुग्णाने आज अन्न घेतले. प्रकृती स्थिर."

सलिलचा फोनही आता रोज यायला लागला. पूर्वी तो रविवारी यायचा, क्रिकेट नसेल तर.

"बाबा, फिश कसाय?"

"बरा आहे."

"ग्रेट. बाकी?"

"बाकी बरं."

"ओके बाबा, मीटिंग आहे, ठेवतो."

आता यमुनाबाई. दुसऱ्या मजल्यावर राहतात आणि कोणाचं दुःख बघवत नाही असा त्यांचा लौकिक आहे. आमच्या सोसायटीतल्या बत्तीस घरांपैकी एकोणतीस घरांत सकाळी उठून तांब्याच्या भांड्यातलं पाणी पितात. (उरलेली तीन भाड्याने दिलेली आहेत.) औषध तांब्याचं आहे हे ऐकल्यावर यमुनाबाईंचा ऊर भरून आला. मात्र छोट्या टाकीला औषध आणि एवढ्या मोठ्या टाकीला काहीच नाही, हा अन्याय त्यांना सहन झाला नाही. मी आत चहा टाकत होतो तेवढ्यात त्यांनी आपल्या देव्हाऱ्यातली तांब्याची पळी मोठ्या टाकीत, दगडामागे, अलगद सोडली. सांगितलं नाही, कारण चांगलं काम सांगून करू नये.

कोळंब्या उताण्या झाल्या तेव्हा पळी सापडली. गोगलगायी काचेवरून गळून पडल्या होत्या. प्रवाळ आठवड्याभरात पांढरे झाले.

"कॉपर? मेन टँकमध्ये?" सलिल ओरडला. "कोणी केलं हे?"

"यमुनाबाईंनी."

"पण का?"

"प्रेमाने."

यमुनाबाई टेबलाशी बसून रडल्या. "मला कुठलं ठाऊक हो? आम्ही तर रोज पितो!" मी म्हटलं, आपण कोळंबी नाही, म्हणून निभावतंय. त्या रडता रडता हसल्या आणि म्हणाल्या, "उल्काताई असत्या तर मला पळीसकट बाहेर काढलं असतं." त्या तेरा दिवसांनंतर माझ्या घरात तिचं नाव दुसऱ्या कोणाच्या तोंडून पहिल्यांदा निघालं ते त्या दिवशी. ती पळी मी घासून, पुसून, नमस्कार करून परत केली.

ठरावात दुरुस्ती झाली: उपाय तोंडी सांगावेत, टाकीत टाकू नयेत. संजयने दगडात मुरलेलं तांबं निघत नाही म्हणून मोठी टाकी मोडीत काढली. नवी लावेपर्यंत पिवळ्याचा मुक्काम टेबलावर वाढला.

या मुदतवाढीचे फायदे प्रशासकीय दृष्टीने उल्लेखनीय आहेत. माशाबद्दल बोलणं पाच मिनिटांत आटोपतं, चहा मात्र अर्धा तास चालतो. मधल्या वेळेत लोकांना काहीतरी बोलावंच लागतं. जयसिंगरावांना उल्काच्या सोलकढीची चव आठवली. तळमजल्यावरच्या आनंदीला उल्काने पाच वर्षांपूर्वी शिकवलेलं लोकरीचं विणकाम अर्धवट राहिलं आहे, ते घेऊन ती येऊन बसते. टाके चुकतात. मला सांगता येत नाही, तरी ती मलाच विचारते.

आणि परवा घात झाला. संजय आला, टॉर्च मारून त्याने पिवळ्याला दोन्ही बाजूंनी तपासलं आणि मोठ्याने म्हणाला, "काका, एक ठिपका नाही! हा आता मासा नाही, पैलवान आहे."

"हळू बोल," मी म्हणालो. दार उघडं होतं.

"का हो?"

"चहा घेणार?"

संजय हुशार आहे. त्याने टॉर्च बंद केला, टेबलाकडे पाहिलं, आनंदीची लोकर पाहिली. चहा घेतला आणि जाताना जिन्यात भेटलेल्या जयसिंगरावांना म्हणाला, "अजून लक्ष ठेवायला लागेल. किडा वाईट असतो." नोटीस बोर्डावर सध्या "प्रकृती स्थिर, रुग्ण निरीक्षणाखाली" असं निवेदन आहे. नव्या टाकीची मी घाई केलेली नाही.

ही सगळी हकीकत मी आपल्याला विश्वासाने सांगितली. तीन पानं आपण मासा जगतो की मरतो एवढ्याचसाठी वाचलीत, हे मला समजतं; मीही तेच केलं असतं. आपण एकदा घरी यावं, असं म्हणणार होतो. पण मासा ठणठणीत आहे हे मी आपल्याला सांगून बसलो. आता आपण कशाला याल?