अठरापैकी सतरा शिक्के

फुसाएबाईंनी चहाचा डबा उचलला. डब्याखाली त्यांच्याच हस्ताक्षरातला कागद होता. चार मागण्यांचा. तो कागद या घटकेला तिथे असायलाच नको होता. तो असायला हवा होता निळ्या पाटीच्या चिमट्यात, दुसऱ्या कागदाच्या वर. आणि पाटी तर सतरा घरं फिरून आत्ताच दारात परत आली होती.

तिसऱ्या गल्लीत अठरा घरं. नगरपालिकेचं काही सांगणं असलं की ते निळ्या पाटीला लागतं आणि पाटी घरोघर फिरते. ज्याने त्याने आपल्या चौकोनात घरचा आडनावाचा शिक्का मारायचा आणि पाटी शेजारच्या दाराला टेकवून ठेवायची. यंदा गल्लीची मुखत्यारी फुसाएबाईंकडे होती, म्हणून पाटी त्यांच्याच घरून निघे. तिच्यातूनच आपला अर्ज फिरवावा, असं त्यांनी ठरवलं होतं. दारोदार जाऊन लोकांचं मत विचारणं त्यांना जमलं नसतं. या गल्लीत लोक एकमेकांना तब्येत विचारतात, बागेतली काकडी विचारतात. मत कोणी विचारत नाही.

अर्ज करायला कारण घडलं होतं. मागच्या ऑगस्टमध्ये, इथल्या भर उन्हाळ्यात, त्यांचे यजमान तोकुजी दवाखान्याच्या बसची वाट बघता बघता शाळेसमोरच्या थांब्यावर कोसळले. चार दिवस सलाईन. डॉक्टर म्हणाले, "पुढच्या उन्हाळ्यात यांना उन्हात उभं करू नका." पण दवाखान्याला जायला बस एकच, आणि थांब्याला छप्पर नाही. टेकडीवरची संत्री आता झाडावरच भाजून निघतात, तिथे पंचाहत्तरीच्या माणसाचं काय. नगरपालिकेच्या हवामान कक्षाने यावर उपाय म्हणून घरटी एक कागदी पंखा वाटला होता.

म्हणून फुसाएबाईंनी चार मागण्या लिहिल्या. येत्या ऑगस्टच्या आत प्रत्येक थांब्यावर छप्पर आणि झाडं. दोन वर्षांत शाळेच्या आणि कचेरीच्या छतावर सौरऊर्जा. जुलै ते सप्टेंबर गल्लीचं सभागृह म्हाताऱ्यांसाठी रोज उघडं आणि गार. आणि चौथी, नगराध्यक्षांनी आणि खातेप्रमुखांनी आठवड्यातून तीन दिवस बसने कचेरीत यावं, म्हणजे ऊन कसं लागतं ते त्यांनाही कळेल.

दुसऱ्या कागदावर एवढंच होतं: 'वरील सर्व मागण्या आम्हाला मान्य आहेत.' खाली अठरा चौकोन. फिरून आला तो हाच कागद. वर काहीही नव्हतं. खाली मात्र सतरा शिक्के, लाल, ठसठशीत.

"अहो, हे बघा," फुसाएबाईंनी पाटी यजमानांपुढे धरली.

तोकुजींनी कागद उलटा केला, सुलटा केला. "मग यांनी मान्य काय केलं?"

"तेच तर."

"चांगली माणसं आहेत. नुसतं सांगायचा अवकाश, मान्य करतात. इथं तर सांगायचीसुद्धा गरज पडली नाही."

नगरपालिकेच्या सभेसाठी अर्ज द्यायची मुदत शुक्रवारपर्यंत होती. वरचा कागद आता टाचला असता तर कोणाला पत्ता लागला नसता. फुसाएबाईंचा हात टाचणीकडे गेलासुद्धा. पण मग सतरा घरांसमोरून रोज मान खाली घालून जावं लागलं असतं. त्यांनी टाचणी ठेवली, बूट घातले आणि खरं सांगायला निघाल्या.

पहिलं घर कुवातांचं. कुवाता टोफू बनवतात. कोपरापर्यंत हात पाण्यात घालून ते वड्या कापत होते.

"कुवाता-सान, माझी चूक झाली. तुम्ही ज्याच्यावर शिक्का मारलात ना, त्याचा पहिला कागद माझ्या घरीच राहिला. तुमचा शिक्का मी खोडून देते."

कुवातांनी सुरी खाली ठेवली. "खोडून? का म्हणून? मी वाचून शिक्का मारलाय."

"पण वाचायला काही नव्हतंच."

"फुसाए-सान, गेल्या वर्षी झालं तेवढं बस झालं. आता मी वाचल्याशिवाय शिक्का मारत नाही."

गेल्या वर्षी काय झालं ते गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. पाणी बंद राहणार असल्याची सूचना पाटीवरून फिरली होती. अठरा शिक्के पडले, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अर्धी गल्ली डोक्याला साबण लावून कोरड्या नळाकडे बघत उभी राहिली. नगराध्यक्ष ओकिमुरा याच गल्लीत अकराव्या घरात राहतात. त्यांनी सगळ्यांना सभागृहात बोलावून झाडलं होतं. "शिक्का म्हणजे वाचल्याची खूण! मी पाटीवरचं अक्षर न् अक्षर वाचतो!" तेव्हा त्यांच्या कानामागे थोडा फेस होता, पण ते बोलायची पद्धत नाही.

"बरं, काय वाचलंत?" फुसाएबाईंनी हळूच विचारलं.

कुवातांनी टोफूकडे पाहिलं. "ते... हवामानाचं. गरम होतंय. बरोबर?"

"बरोबर."

"झालं तर मग! आणि मी म्हणतो, समुद्राच्या बाजूची भिंतसुद्धा उंच करा म्हणावं. तेही होतं ना त्यात?"

"नव्हतं."

"मग घाला. एवढी मोठी गोष्ट विसरलात कशा?"

पुढच्या घरी नवी सून मियुकी दारातच भेटली. "आजी, मी तर दोनदा वाचलं!" ती म्हणाली. "सासूबाईंना मोठ्याने वाचूनही दाखवलं." आतून सासूबाई ओरडल्या, "फार छान लिहिलंय हो! डोळ्यांत पाणी आलं!"

दुपारपर्यंत फुसाएबाईंची सोळा घरं झाली. न वाचता शिक्का मारणारा एकही माणूस गल्लीत निघाला नाही. अकराव्या घरचे नगराध्यक्ष कचेरीत गेले होते, ते राहिले. उलट संध्याकाळी चार बायका मिळून फुसाएबाईंच्याच दारात आल्या. "काय हो फुसाए-सान, आम्ही एवढ्या तळमळीने शिक्के मारले आणि तुम्ही अर्ज अजून घरातच ठेवलाय? उन्हाळा थांबणार आहे का तुमच्यासाठी?"

शुक्रवारी फुसाएबाईंनी दोन्ही कागद टाचून कचेरीच्या खिडकीत दिले.

खिडकीतल्या मुलीने वरच्या कागदावरून नुसती नजर फिरवली. खालच्या कागदावर मात्र अकराव्या चौकोनात तिची नजर अडकली. ओकिमुरा. ती उठली आणि कागद दोन्ही हातांनी धरून आत घेऊन गेली.

आतल्या उपप्रमुखाने अकरावा चौकोन पाहिला. साहेबांनी स्वतःच शिक्का मारलाय म्हणजे हे साहेबांच्याच मनातलं आहे, हे त्याला कळलं. आता साहेबांच्या मनातलं साहेबांनाच कसं विचारायचं? त्याने आपला शिक्का मारला आणि कागद वर पाठवला. खातेप्रमुखाने उपप्रमुखाचा शिक्का बघून आपला मारला, मुख्याधिकाऱ्याने खातेप्रमुखाचा बघून. असा सहा शिक्क्यांनी लालेलाल झालेला कागद दोन फोनांच्या मधल्या वेळात नगराध्यक्षांच्या टेबलावर आला. एवढ्या लोकांनी वाचलंय म्हटल्यावर ओकिमुरांनीही मारला. त्याच कागदावर त्यांचा हा दुसरा शिक्का.

सोमवारी सभेत अर्ज एकमताने मंजूर झाला. मंगळवारी इथल्या वर्तमानपत्रात फोटोसह बातमी आली: 'नगराध्यक्षांच्या गल्लीनेच पुढाकार घेतला.' बातमीच्या शेवटी बारीक अक्षरांत एक वाक्य होतं. अठरापैकी एका घराने मात्र संमती दिलेली नाही.

बुधवारी संध्याकाळी नगराध्यक्ष लाल घेवड्याच्या गोड वड्यांचा डबा घेऊन फुसाएबाईंच्या दारात उभे. घामाने सदरा पाठीला चिकटलेला.

"फुसाए-सान, मी नगराध्यक्ष म्हणून नाही, शेजारी म्हणून आलोय."

"या ना, बसा."

चहाचा घोट घेऊन ओकिमुरांनी पिशवीतून अर्ज काढला, चटईवर ठेवला आणि रिकाम्या चौकोनावर बोट टेकवलं. "सतरा घरं एका बाजूला आणि तुम्ही एकट्या. सभेत विरोधक मला चिडवतात, स्वतःच्या गल्लीला पटवता येत नाही म्हणून. तुम्हाला हवामानाची काळजी नाही का? पुढच्या पिढीचं काय? तुमच्या मनात किंतु आहे तरी कसला?"

फुसाएबाईंनी रिकाम्या चौकोनाकडे पाहिलं. पाटी ज्या घरातून निघते त्या घराचा शिक्का सगळ्यात शेवटी पडतो, आणि त्या दिवशीच्या गडबडीत तो पडायचाच राहिला होता. अर्जदाराचं नाव तर पहिल्या कागदाच्या तळाशी स्वच्छ लिहिलेलं होतं. आतल्या खोलीत तोकुजींना खोकल्याची मोठी उबळ आली.

"साहेब," त्या म्हणाल्या, "एकदा मोठ्याने वाचून दाखवाल का? तुमच्या तोंडून ऐकलं की बरं वाटेल."

"का नाही!" नगराध्यक्ष ताठ बसले. छप्पर आणि झाडं त्यांनी भाषणासारखी खणखणीत वाचली. सौरऊर्जेला "वा" म्हणाले. सभागृहापाशी आवाज जरा उतरला. चौथ्या मागणीत 'आठवड्यातून तीन दिवस बसने' इथपर्यंत आले आणि थांबले. मग ओठ न हलवता खालपर्यंत गेले. तळाशी नाव होतं: हामाशिता फुसाए.

त्यांनी मान वर केली.

"हा... तुमचाच अर्ज आहे?"

"हो. पहिला कागद माझ्याकडून राहून गेला होता. मी सगळ्यांना तेच सांगत फिरले, तुम्ही तेवढे भेटला नाहीत. साहेब, न वाचता पडला असेल तर तुमचा शिक्का मी आत्ता खोडून देते. मनापासून सांगते."

ओकिमुरांनी कागदाकडे पाहिलं. त्यावरच्या आपल्या दोन शिक्क्यांकडे पाहिलं. खोडा म्हणाले असते तर छप्पर गेलं होतं आणि ऑगस्ट दीड महिन्यावर होता.

"मी," नगराध्यक्ष अगदी बारीक आवाजात म्हणाले, "अक्षर न् अक्षर वाचतो."

"मग मारू माझा?"

"मारा."

फुसाएबाईंनी घरचा शिक्का काढला, त्यावर तोंडाची वाफ दिली आणि दोन्ही हातांनी दाबून धरला.

नगराध्यक्ष दारात बूट घालायला वाकले. वाकल्या वाकल्याच त्यांनी विचारलं, "सकाळची बस किती वाजता असते हो?"

आतून तोकुजी बाहेर आले. "सात-चाळीस. पण येते आठला. तोवर विजेच्या खांबाची सावली पडते, एका माणसापुरती." जरा थांबून त्यांनी अदबीने मान लववली. "तिथं मी उभा असतो."