शास्त्रीबुवांचा तांडा

‘पर्यटकांमुळे स्थानिक रहदारीस कोणताही अडथळा होत नाही,’ असे सरकारी पत्रकाने जाहीर केले. रामघाटच्या नीलकंठशास्त्र्यांना ते विधान तर्कदृष्ट्या निर्दोष वाटले. जी रहदारी शिल्लकच नाही, तिला अडथळा व्हावा कसा?

त्याच दिवशी दूधविनायक मोहल्ल्यात यजमान दिनानाथच्या वडिलांचे श्राद्ध होते आणि पितरांच्या पानावर शास्त्रीबुवांना बसायचे होते. दुपार टळली की श्राद्ध बुडाले. ते गंगेत बुडी मारून सोवळ्याने निघाले. वाटेत कोणी शिवले, तर पुन्हा स्नान.

पहिल्याच वळणावर एका पाहुण्याने परम आदराने त्यांच्या पायांना हात लावला. शास्त्रीबुवा परत घाटावर. दुसऱ्या खेपेस एका बाईने खांद्याला खांदा भिडवून फोटो काढून घेतला. पुन्हा गंगा.

“का शास्त्रीजी,” नावाडी म्हणाला, “आज पूरा कुंभ अकेले नहाइएगा?”

तिसऱ्या खेपेस त्यांनी गंगाजलाचा तांब्या डोक्यावर उंच धरला आणि ‘दूर, दूर’ असे गर्जत पावले उचलली. परंतु परमुलखातील माणसाला गर्दीत एकच शास्त्र ठाऊक असते: ज्याचा हात वर, तो वाटाड्या. चुकलेला एक जथा मागे लागला, त्यामागे दुसरा. कोणीही शिवेना, सारे अदबीने दोन हात अंतर राखून. शास्त्रीबुवांनी कोनाड्यातल्या गणपतीला नमस्कार केला, तसा सर्वांनी केला. सांडाला वाट द्यायला ते भिंतीला चिकटले, तसे तेही चिकटले. गल्ली सांडासकट तुंबली.

दूधविनायक मोहल्ल्याच्या तोंडाशी पोलिसाने दोरी बांधली होती. “जिस टोली का गाइड है, वही इधर से जाएगी, पंडितजी. बाकी सब घाट से घूमकर.”

घाटावरून म्हणजे पुन्हा शिवाशिव, पुन्हा स्नान.

दोरीपलीकडून दिनानाथ म्हणाला, “काका, पानं वाढून झाली. ही मंडळी कोण?”

“माझा यांच्याशी काडीचाही संबंध नाही.”

“मग घाटावरून या. बाबा थांबतील हो, दुपार नाही थांबायची.”

शास्त्रीबुवांनी मागे वळून पाहिले. त्या सर्वांनीही मागे वळून पाहिले.

“ये सब किसके हैं?” पोलिसाने विचारले. “गली किसने जाम की?”

शास्त्रीबुवांनी सूर्याकडे पाहिले. त्यांचा कबुलीजबाब शब्दशः असा:

“हाँ भैया, सब हमारे ही हैं. गली भी हम ही ने जाम की है. अब जाने दीजिए.”