ब्राह्मीची ॲक्टिंग

क्लिप छोटीशीच होती. चौथीच्या वर्गात बाकावर ब्राह्मी. समोर पुस्तक. ती डोळे मिचकावते, एका शब्दावर बोट घासते, जणू तिथं काही चिकटलंय आणि ते खरवडून काढायचंय. "स... म... मस..." मग खिडकीबाहेर बघते. संपली.

पलूसमधल्या सगळ्या मोबाइलवर ती पोचली तेव्हा ब्राह्मीची आई, चंदनबाला, चपात्या लाटत होती.

कट. थोडं मागे.

शाळेतल्या जयराज सरांना स्पर्धेसाठी लघुपट करायचा होता. एका लेकराला वाचता येत नाही, आणि का येत नाही ते घरात-शाळेत कुणाच्याच ध्यानात येत नाही. आधी त्यांनी जिनेशला घेतलं. त्याला अडखळ म्हटलं की तो घडाघडा वाचायचा आणि मग "सॉरी सर" म्हणायचा. ब्राह्मीनं पहिल्याच टेकला वर्ग गप्प केला.

"उपजत हाय बगा तुमच्या पोरीत," सर तिच्या वडलांना, रायगोंडाला, म्हणाले.

"आन शेवटाला त्या लेकराचं काय हुतंय?"

"शेवट अजून सुचला न्हाई."

रायगोंडा द्राक्षबागेत दिवसभर फुगून फिरला. त्यानंच क्लिप मागून घेतली, त्यानंच ती सगळ्या ग्रुपवर टाकली. खाली लिहिलं, 'आमचं लेकरू.' सिनेमा आहे, हे लिहायचं राहून गेलं.

परत सकाळ.

शेजारच्या साळूबाई दारातूनच म्हणाल्या, "वैनी, पोरीला वाचाय येत न्हाई म्हनं."

"ॲक्टिंग हाय ती, काकू."

"व्हय, व्हय. समदी आसंच म्हंत्यात. भिजवल्यालं बदाम द्या. माजा भाचा असाच हुता, आता मिल्ट्रीत हाय."

मग सांगलीहून भावाचा, अरिहंतचा, फोन. "अक्का, हितं एक डॉक्टर हाईत. अशीच पोरं तपासत्यात. नंबर लावू?"

"आरं, सिनेमा हाय त्यो."

"लपवून काय हुनार, अक्का?"

दुपारी रायगोंडा डेअरीत कुणीतरी दिलेला चष्म्याच्या दुकानाचा पत्ता घेऊन आला. चंदनबाला जितकं समजावून सांगेल तितकी समोरच्याची मान जास्त दयेनं हलायची. तिचं जेवणावरचं लक्ष उडालं. पोर तोंडी परीक्षेत पहिली. एकदा ऐकलं की पाठ. लेखीत मार्क कमी पडत, पण ते घाईमुळं. दरवर्षी बाईंचा शेरा तोच, 'घाई करते.' आता हे असलं नाव चिकटलं तर दहावीपर्यंत निघायचं नाही.

"रविवारी बस्तीतल्या पाठशाळेत हिला वाचू दे," ती नवऱ्याला म्हणाली. "देवाफुडं, समद्यांफुडं. मंग बगू कोन बोलतंय."

ब्राह्मी घास हातात धरून थांबली होती. "कुठलं पुस्तक, आई?"

"पाठशाळेचं. गोष्टींचं."

"मग चालंल," ब्राह्मी म्हणाली आणि घास तोंडात घातला.

बस्तीतल्या, म्हणजे जैन मंदिरातल्या, त्या पाठशाळेची रीत ठरलेली. प्राचीताईंनी वाचायचं, पोरांनी मागून म्हणायचं. पुस्तक पोरांच्या हातात क्वचितच यायचं.

रविवार.

बस्तीचा हॉल भरला. साळूबाई पुढंच बसल्या. जयराज सर कॅमेरा घेऊन आले. ब्राह्मीनं पानं चाळली, सिंहाचं चित्र आलं तिथं थांबली आणि सुरू झाली. न अडखळता, आवाज चढवत, उतरवत, सिंहाच्या जागी सिंह, मुनींच्या जागी मुनी. रायगोंडानं मिशीवरून हात फिरवला. चंदनबाला पोरीच्या मागं उभी होती. तिच्या छातीवरचा दगड उतरत होता.

पंख्याच्या वाऱ्यानं पान उलटलं.

सिंह गेला. समोर कुठल्याशा राणीचं चित्र आलं. ब्राह्मीच्या तोंडी सिंह चालूच होता. आणखी एक पान उलटलं. सिंहानं मुनींच्या पायाशी मान ठेवली आणि गोष्ट संपली.

टाळ्या. "वाचती की गं पोरगी," साळूबाई म्हणाल्या. "लोकं उगच कायबी बोलत्यात."

चंदनबालानं वाकून उघड्या पानावर बोट ठेवलं. "ह्यो एक शब्द वाच, बाळ."

ब्राह्मीनं डोळे मिचकावले. शब्दावर बोट घासलं. "क... ब... बक..." मग खिडकीबाहेर बघितलं.

हॉल हसला. टाळ्या आधीपेक्षा जोरात झाल्या.

"बगा, परत ॲक्टिंग," रायगोंडा शेजाऱ्याला कोपर मारत म्हणाला.

चंदनबालानं पुस्तक मिटलं. पोरीचा हात हातात घेतला. तो घामानं गार पडला होता.

"आवं, अरिहंतला फोन लावा," ती नवऱ्याला म्हणाली. "नंबर लावून ठेव म्हनावं."

"आता कशाला? वाचली की झकास."

जयराज सर खुशीत कॅमेरा बॅगेत ठेवत होते. ती त्यांच्यापाशी गेली.

"सर, त्यो शेवट लिवला का?"

"न्हाई अजून, वैनी."

"मग थांबा थोडं," चंदनबाला म्हणाली. "आमी सांगलीला जाऊन येतो."