डब्यावर लिहिलंय ते

घरातली साखर घराबाहेर काढायची, एवढंच मी ठरवलं होतं. त्यात कुणाचं वाईट व्हावं असा हेतू नव्हता. तरी त्यापायी वरच्या मजल्यावरच्या निवृत्त हेडमास्तरांनी माझ्याशी बोलणं टाकलं, माझ्या लेकीच्या हातचं काम जाता जाता राहिलं आणि किराणा दुकानात चार माणसांसमोर माझी अब्रू गेली. तेव्हा मी रागात आहे. वाचताना तेवढं सांभाळून घ्या.

मला डायबेटिस होऊन आठ वर्षं झाली. टाइप टू. (डॉक्टरीणबाई हे 'टू' अशा सुरात म्हणतात, जणू 'वन' मिळायला माझे मार्क कमी पडले.) ही होती तोवर सगळं आटोक्यात होतं. सात महिन्यांपूर्वी 'ही'ची 'ती' झाली. त्यावर इथं जास्त लिहिणार नाही. पुढचे चार महिने मी सकाळी पाव, दुपारी बटाटे आणि रात्री बिस्किटं यांवर काढले, आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारा तो रिपोर्ट आला आठ पॉइंट दोन.

रिपोर्टच्या पाठोपाठ लेक आली. बॅगेसकट. ती पूल बांधते. परगावी एका मोठ्या पुलाचं काम तिच्या हाती येणार होतं, ते तिनं तीन महिने पुढं ढकललं.

"रिपोर्ट सातच्या खाली आला तर जाईन. नाहीतर नाही."

"माझ्यासाठी कुणी पूल सोडायची गरज नाही."

"मग सातच्या खाली आणा. ओरडू नका, बाबा, त्यानंही शुगर वाढते."

आणि आमच्या घरात लो-कार्ब सुरू झालं. भात बंद, पाव बंद, बटाटा दिसला तरी मान फिरवायची. भाताच्या जागी किसलेला फ्लॉवर आला.

"हा भात नाही."

"भातासारखाच दिसतो की."

"मीसुद्धा लांबून शहाणा दिसतो!"

"म्हणूनच म्हणते, जवळून बघू नका. खा."

बदामाच्या पिठाचा पाव झाला. तो माझ्या हातून खाली पडला तेव्हा खालच्या बिऱ्हाडातून काय कोसळलं म्हणून विचारायला आले. चीज, अंडी, काकडी. पुन्हा काकडी, अंडी, चीज. मी सगळं गिळलं. पूल बांधणारी पोरगी माझ्या स्वयंपाकघरात फ्लॉवर किसत उभी आहे, हे बघून माझं डोकं फिरायचं. तिला तिथून घालवायचा एकच मार्ग होता, तो म्हणजे तो फ्लॉवर खाणं.

आता साखरेकडे येतो. आमच्या फळीवर दोन डबे होते, दोन्हींवर हिच्या अक्षरात लेबलं. कुकरच्या मागे स्टीलचा डबा, 'साखर'. शेजारी पाच किलोचा पत्र्याचा, 'शुगर-फ्री'. आठ वर्षं मी घरात बिनसाखरेचा चहा घेतला असं रेकॉर्ड सांगतं. प्रत्यक्षात ही अंघोळीला गेली की मी कुकर सरकवायचो आणि साखरेचे दोन चमचे कपात टाकायचो. (डबा इतका वाईट लपवला होता की मला तिच्या भोळेपणाची कीव यायची.) शुगर-फ्रीला मात्र मी कधी हात लावला नाही. चहात औषध घालणाऱ्यांतला मी नव्हे.

ती गेल्यावर चोरीत राम राहिला नाही. चोरायचं कुणापासून? म्हणून लेक आली त्या दिवशी मी शपथ घेतली. साखरेचा डबा उचलला आणि हेडमास्तरांना देऊन टाकला. चहात फक्त शुगर-फ्री, दोन चमचे, दिवसाला सहा कप. लेक कोरी कॉफी पिते, तिला या डब्यांशी घेणंदेणं नव्हतं. आणि खरं सांगतो, शुगर-फ्रीची चव फार छान निघाली. इतकी वर्षं आपण उगाच त्याचा राग केला असं वाटलं. (पाच किलो शुगर-फ्री कुणी घरात ठेवतं का, हा प्रश्न शहाण्या माणसाला पडला असता. पण मी अठ्ठावीस वर्षं रेकॉर्ड खात्यात आहे. फायलीवर जे लिहिलंय तेच आत असतं, यावर माझा पगार चालतो.)

तीन महिन्यांनी रिपोर्ट आला. आठ पॉइंट नऊ.

"काका, बाहेर काय खाता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"राग."

"घरी येताना?"

"तोच. उरलेला."

लेकीनं रिपोर्ट घडी करून पर्समध्ये टाकला. घरी आल्यावर दार लावून म्हणाली, "ऑफिसात कोण देतं?"

"कुणी देत नाही!"

"मग साखर काय हवेतून येते?"

"त्या फ्लॉवरची तपासणी करा! पहिल्यापासून मला त्याचा संशय आहे!"

"सोमवारी मी नाही म्हणून कळवते," ती शांतपणे म्हणाली. तिची आई चिडली की अशीच शांत व्हायची. मला दुप्पट राग आला. आयुष्यात पहिल्यांदा मी तीन महिने प्रामाणिक राहिलो होतो आणि तेव्हाच चोर ठरत होतो!

शनिवारी शुगर-फ्रीचा डबा संपला. तो काखेत मारून मी तणतणत किराणा दुकानात गेलो आणि काउंटरवर आदळला.

"भरून द्या."

दुकानदारानं डबा उचलला आणि पोत्यातली पिठीसाखर भरायला लागला.

"अहो! हे काय भरताय?"

"पिठीसाखर."

"डब्यावर काय लिहिलंय? वाचता येतं का?"

"येतं की, साहेब. माझ्याच पेनानं लिहिलंय. वहिनींनी, इथं उभं राहून."

"मग?"

त्यानं माप खाली ठेवलं. "यात साखर, पाहुण्यांची. शुगर-फ्री त्या स्टीलच्या डब्यात, दाणेदार. वहिनी म्हणायच्या, आमचे हे चोरून खातात. आणि चोरून खाणारा माणूस शुगर-फ्रीला कधी हात लावायचा नाही. तुम्हाला माहीत नव्हतं?"

साबण घ्यायला आलेल्या बाई म्हणाल्या, "अगंबाई, आम्हाला माहीत होतं."

"त्या हेडमास्तरांनी स्टीलच्या डब्यातल्या मालाचा केक केला म्हणे," दुकानदार म्हणाला. "अख्खा. शुगर-फ्री जास्त झालं की पोट सुटतं; दोन दिवस त्यांना घराच्या एकाच खोलीत काढावे लागले."

घरी आलो. रिकामा डबा ओट्यावर ठेवला आणि त्याच्यावरच ओरडलो.

"आठ वर्षं! आठ वर्षं मी चोरून औषध खाल्लं! आणि शहाण्यासारखा वागायला लागलो तर साखर! हसत असशील! अगं, निदान सांगून तरी जायचंस!"

मी वळलो. मागे लेक उभी होती, हातात फोन.

आता माझी पंचाईत बघा. तीन महिने प्रामाणिक होतो हे सिद्ध करायला आठ वर्षांची चोरी कबूल करावी लागणार होती. केली. कुकरसकट सगळी केली.

तिनं डबा उचलून लेबलावरून बोट फिरवलं.

"बाबा, आई अंघोळीहून बाहेर यायच्या आधी दोनदा खोकायची. आठवतं?"

"हो. छाती नाजूक होती तिची."

"तिला कधी खोकला नव्हता."

मी खुर्चीवर बसलो. लेक माझ्या खांद्यावर हात ठेवून हसत होती; निदान मी तरी त्याला हसणंच म्हणालो. तिनं सोमवारी 'येते' असं कळवलं. डबा बंद झाला तशी सकाळची शुगर दहा दिवसांत खाली आली. डॉक्टरीणबाईंनी प्रथमच माझ्याकडे माणसासारखं बघितलं.

जायच्या आदल्या दिवशी लेकीनं दोन नवे डबे भरले आणि लेबलं लावली. 'साखर'. 'शुगर-फ्री'.

"लिहिलंय तेच आत आहे ना?"

"बाबा, माझ्यावर विश्वास नाही?"

ती गेली. काल एकट्यानं फ्लॉवर खाल्ला, आज सकाळी पुन्हा समोर फ्लॉवर, आणि मला असा संताप आला की मी सरळ 'साखर' उघडून दोन चमचे चहात टाकले. पहिला घोट घेतला आणि हात थांबला. दुसरा डबा चाखला. दोन्ही दाणेदार, दोन्ही गोड. आठ वर्षं चोरूनही मला फरक कळत नाही.

चहा तसाच टाकून दुकान गाठलं.

"खरं सांगा. कुठल्या डब्यात काय आहे?"

दुकानदारानं मान वर केली नाही. "ताईंनी सांगू नका म्हणून सांगितलंय."

"अहो, माझं घर आहे!"

"आणि साहेब विचारायला आले की लगेच कळवा, असंही सांगितलंय," तो म्हणाला आणि त्यानं फोन उचलला.