केळकरकाकांचे तीन झेंडे

अमेरिकेत हिल्सबरोतले आमचे शेजारी केळकरकाका आपल्या औषधाच्या दुकानात गिऱ्हाइकाला आधी त्याचा झेंडा समजावून सांगतात, मग गोळ्या देतात. एका इराणी आजोबांना ते म्हणाले, "तुमच्या झेंड्यावर 'अल्लाहू अकबर' बावीस वेळा लिहिलंय. कधी मोजलंत?" आजोबांना खोकल्याची उबळ आली होती. त्यांनी नुसती मान हलवली. काकांनी ती नकारार्थी धरली आणि कागदावर काढून दाखवलं.

झेंडे त्यांना जगातले सगळे पाठ आहेत, पण जीव फारसी बोलणाऱ्यांवर. "भाषा एक, देश तीन, इराण, अफगाणिस्तान, ताजिकिस्तान, आणि झेंडे बघ!" एका रविवारी आमच्याकडे पोहे खायला आले, तेव्हा ताजिकिस्तानचा मुकुट आणि त्यावरचे सात तारे त्यांनी डाळिंबाचे दाणे मांडून समजावले. पोहे गार झाले. माझ्या मुलीने, सईने, शेवटी विचारलं, "काका, कॅन आय ईट ताजिकिस्तान नाऊ?"

"तारे आधी खा," काका गंभीरपणे म्हणाले.

यंदा कम्युनिटी हॉलमध्ये सगळ्या देशांच्या लोकांचा मेळा होता. झेंडे लावायचं काम अर्थातच काकांकडे. शिडीवर चढून त्यांनी पट्टी लावून सगळे सरळ केले. अफगाणिस्तानचा त्यांनी पांढरा लावला, काळ्या अक्षरांचा. "सध्या काबूलवर हाच फडकतो. आपल्या आवडीनिवडीचा प्रश्न येत नाही."

तेवढ्यात समोरच्या घरातली फरीदा बोलानीचा ट्रे घेऊन आली. बोलानी म्हणजे त्यांच्याकडचे बटाट्याचे पराठे. तिने वर पाहिलं, ट्रे टेबलावर ठेवला आणि तशीच निघून गेली.

"हिला काय झालं?" काकांनी मला विचारलं.

"काका, ती काबूलला मुलींच्या शाळेत शिकवायची. या झेंड्याच्या लोकांनी शाळा बंद केली."

काकांनी झेंडा उतरवला, नीट घडी घातली आणि मला घेऊन फरीदाकडे गेले.

"कौनसा चाहिए?" त्यांनी दारातच विचारलं.

"काला, लाल, हरा," ती म्हणाली. "पुराना वाला. पर अब कहाँ मिलेगा?"

फरीदा आमच्या बायकांचे ब्लाउज शिवते. शिवायला तिला सुनीताकाकूंनी शिकवलं होतं, काकांच्या बायकोने. काकू आता नाहीत. फरीदाकडे लाल-हिरवे तुकडे निघाले, काळा काही निघेना. हॉल उघडायला अर्धा तास होता. काका घरी गेले आणि एक काळी साडी घेऊन आले. चंद्रकळा.

फरीदाने ती ओळखली. त्या साडीवरचं ब्लाउज तिनेच शिवलं होतं. "केळकरसाब, ये तो सुनीता आपा की है. मैं नहीं काटूँगी."

"संक्रांत को पहनती थी. अब कौन पहनेगा?" काका म्हणाले. "काटो."

तिने कात्री हातात घेतली, तेव्हा ते खिडकीबाहेर बघत होते.

झेंडा झाला. मधलं पांढरं चिन्ह नव्हतं, आणि लाल पट्टा काळ्यापेक्षा चांगलाच अरुंद होता. एरवी काकांनी यावर तासभर घेतला असता. आज त्यांनी तो तसाच टांगला. दुपारी कुणीतरी त्यांना रंगांचा अर्थ विचारला. आम्ही सगळे खुर्च्या ओढून बसायच्या तयारीत होतो, पण काका म्हणाले, "तिला विचारा."

फरीदाने सांगितलं. काळा म्हणजे मागचे वाईट दिवस, लाल म्हणजे सांडलेलं रक्त, हिरवा म्हणजे पुढची आशा. काका हातात बोलानी धरून, पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे ऐकत होते.

संध्याकाळी फरीदा घडी घातलेला झेंडा त्यांना परत द्यायला लागली. त्यांनी काळ्या पट्ट्यावरून एकदा हात फिरवला आणि तो तिच्याच हातात ठेवला.

बाहेर आल्यावर ते मला म्हणाले, "आज तुझ्याकडे जेवायला येऊ का रे? घरी तिचं कपाट उघडंच राहिलंय."