तक्रारीचा सूर गाळून

आमच्या घरचा संगणक एका सकाळी सुरू झाला नाही. मदरबोर्ड गेला, असं निदान झालं.

संगणक आमच्या यांनी घेतलेला. सुटे भाग जोडून केलेला नको, नावाजलेल्या कंपनीचाच हवा, हा त्यांचा हट्ट. पुढे हात थरथरायला लागल्यावर ते त्यात बोलून ठेवायला लागले. काय बोलत? तक्रारी. रस्त्यावरचा बंद दिवा, बँकेतली रांग, पेपरातल्या चुका. "सदर बाब अत्यंत निषेधार्ह असून... अगं, चहा झाला का? मघापासून घसा फोडतोय मी!... निषेधार्ह असून तिची त्वरित दखल घ्यावी." ते गेल्यापासून रोज दुपारी मी हे लावत असे. निषेध पुढे सरकवायचा आणि चहापुरतं ऐकायचं.

कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्यानं डबा उघडून तोंड वाकडं केलं. "आजी, यात दुसऱ्या कुणाचा बोर्ड बसायचाच नाही. स्क्रूची भोकंसुद्धा कंपनीनं आपल्या मापाची पाडलीत. त्यांच्याच दारात जा."

गेले. कंपनीचं सेवाकेंद्र म्हणजे गारठलेला हॉल, भिंतीवर हसऱ्या ग्राहकांची चित्रं आणि खुर्च्यांवर खरे ग्राहक. तिथल्या तंत्रज्ञानं नवा मदरबोर्ड बसवला. संगणक सुरू झाला, माझं स्वागत केलं आणि मी कोण, असं विचारलं.

"यांचं बोलणं कुठाय?"

"डिस्कवरच आहे, आजी. पण डिस्कला कुलूप असतं. सुरक्षेसाठी. किल्ली जुन्या मदरबोर्डात होती."

"मग तो द्या."

"त्याचा चुरा केला. तोही सुरक्षेसाठी."

"म्हणजे माझी वस्तू माझ्यापासून वाचवलीत."

"अगदी बरोबर!" तो म्हणाला. समजूतदार ग्राहक भेटल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

मला वरच्या अधिकारी बाईंकडे धाडण्यात आलं. कंपनीच्या धोरणानुसार मदरबोर्ड म्हणजेच संगणक, असं त्यांनी शांतपणे समजावलं. तो बदलल्यामुळे आमचा संगणक दिवंगत झाला असून समोरचा हा नवजात आहे. दिवंगताचं कुलूप काढायचं तर त्याच्या पडद्यावर एक आकडा उमटेल, तो कळवावा.

"अहो, तो बंद पडला म्हणून तर आले ना!"

"हरकत नाही, मॅडम. तो सुरू करून आकडा आणा. मग तो बंद पडल्याची नोंद करू."

"हे बघा, माझे दोन्ही गुडघे बदललेत. डोळ्यांतली भिंगं बदललीत. दात तर मूळचा एकही नाही. तरी आमच्या यांनी मला नवजात ठरवलं नाही. चहा माझ्याकडेच मागत होते."

बाईंनी माझ्या गुडघ्यांकडे आस्थेनं पाहिलं. "ते अधिकृत केंद्रातून बदललेत ना?"

सोबत आलेला मुलगा माझा दंड धरून कुजबुजत होता, "आई, चल ना. तमाशा नको. नवीन घेऊ." मी खुर्ची सोडली नाही. हॉल बंद व्हायची वेळ झाली, दिवे विझायला लागले, तेव्हा कंपनीला पाझर फुटला.

"साहेबांचा आवाज आमच्याकडे आहे," बाई म्हणाल्या. "मदतीच्या फोनवर ते वर्षानुवर्षं आमच्याविरुद्ध बोलायचे. दर्जा सुधारण्यासाठी सगळे फोन आम्ही जपून ठेवतो."

"दर्जा राहू द्या. तेच ऐकवा!"

"नाही ना मॅडम. ग्राहकाची खाजगी माहिती त्याच्या संमतीशिवाय देता येत नाही."

"ते वारलेत हो."

"म्हणून तर जास्त जपावी लागते. पण त्यावरून त्याच दर्जाचा आवाज तयार करून देऊ. सुटा भाग समजा."

भाग बसवून आम्ही घरी आलो. मुलानं बटण दाबलं. आवाज यांचाच. तोच घसा, तीच खरखर.

"नमस्कार. आपल्या सोयीनुसार चहा मिळाल्यास आनंद होईल."

या माणसानं आयुष्यात माझ्या सोयीनुसार काही मागितलं नव्हतं. मी कंपनीला फोन लावला. उत्तर तयार होतं: "धोरणानुसार तक्रारीचा सूर गाळलेला आहे, मॅडम."

"अहो, तो गाळल्यावर यांच्यात उरलं काय?"

मी फोन ठेवून वळले, तर मुलगा डोळे पुसत होता. "हुबेहूब बाबा गं! किती प्रेमानं बोलायचे ना ते तुझ्याशी!"

जन्मभर याच घरात तो चहाचा आरडाओरडा ऐकत वाढलेला हा मुलगा. आता ते ओरडणं संगणकावर राहिलेलं नाही आणि त्याच्यातही नाही. माझ्यात आहे. पण माझेही भाग आता मिळत नाहीत.

हसा, हसा. मलाही आधी हसूच आलं होतं. फक्त एक करा. तुमच्या घरातलं जे माणूस आता नाही, ते तुमच्यावर कसं ओरडायचं, ते आत्ता आठवा.

नाही, फोनला हात लावायचा नाही.