नगरसेवकाची खुर्ची

चर्चच्या मागच्या गल्लीतला दिवा गेला होता आणि बर्फावरून घसरून सिस्टर कोरीननं मनगट मोडून घेतलं होतं, एवढं सांगायला मदर ओझेला नगरसेविकेच्या कार्यालयात आल्या. वय झालेल्या, पण आवाज खणखणीत. त्यांनी काठी टेबलाला टेकवली आणि बोलायला सुरुवात केली. त्यांचं सांगून व्हायच्या आतच कारकून झिग्मंटनं फोन उचलला होता.

"ठेव तो खाली," व्हर्नीस म्हणाली.

व्हर्नीस टॉलिव्हर नगरसेविका होऊन अजून वर्षही झालं नव्हतं. त्याआधीचं सगळं आयुष्य तिनं शिकागोच्या या दक्षिण भागात लोकांना एकत्र करण्यात घालवलं होतं. तळघरात सभा घ्यायच्या, बायाबापड्यांना माइकसमोर उभं करायचं, मोठ्या साहेबाला समोर बसवून 'हो की नाही' एवढंच विचारायचं. लोकांना जे स्वतः करता येतं ते आपण त्यांच्यासाठी करायचं नाही, हा तिचा पहिला नियम. हा नियम तिनं इतक्या जणांना इतक्या वेळा ऐकवला होता, की आता तो मोडायचा म्हटलं तरी हात पुढे होत नसे.

"मदर, मी फोन करीन आणि दिवा लागेलही," ती म्हणाली. "पण मग उद्या गटार तुंबलं की परत माझ्याकडंच येणार. त्यापेक्षा तुम्ही सभा घ्या. दिव्याचा निर्णय कुणाच्या हातात आहे ते शोधा, त्याला बोलवा आणि चारचौघांत कबूल करून घ्या."

मदर ओझेलांनी खात्री करून घेतली. "म्हणजे आपण नेहमी करायचो तसं?"

"अगदी तसंच."

"बरं बाई," म्हणून त्यांनी काठी उचलली. त्या एवढ्या सहज तयार झाल्या याचं व्हर्नीसला कौतुक वाटलं. आपण लावलेलं झाड फळाला आलं, असंही मनात येऊन गेलं.

झिग्मंट आधीच्या नगरसेवकांच्या काळापासून त्याच खुर्चीत बसलेला होता. त्यानं तीन नगरसेवक पाहिले होते आणि तिघांपेक्षा त्याला फोनवर जास्त भरवसा होता. व्हर्नीसच्या आधीचे नगरसेवक मॅकगर्कसाहेब यांच्या काळात एका फोनवर दिवा लागायचा, असं त्यानं नम्रपणे सुचवलं.

"आणि निवडणुकीत तोच दिवा मतं मागायला यायचा," व्हर्नीस म्हणाली. "उपकार करायचे आणि मतं वसूल करायची. याच्याशीच भांडण्यात माझे केस पांढरे झाले, झिग्मंट."

झिग्मंटनं फोन जागेवर सरळ करून ठेवला. वाद घालण्याचा पगार त्याला मिळत नव्हता.

सभा गुरुवारी संध्याकाळी चर्चच्या तळघरात ठरली. व्हर्नीसला तर हुरूपच आला. नगरसेविका झाल्यापासून तिच्या वाट्याला नुसत्या बैठका आल्या होत्या, ज्यात कुणीच कुणावर ओरडत नसे. तिनं जुन्या ओळखीच्यांना फोन करून सभेला यायला सांगितलं. दिवाबत्ती खात्याच्या साहेबाला आज कसा घाम फुटतो ते बघायचं, असं ती दुपारी झिग्मंटला दोनदा म्हणाली. झिग्मंट दोन्ही वेळा काहीतरी सांगायला गेला आणि दोन्ही वेळा तिनं त्याला गप्प केलं.

आदल्या रात्री मात्र भरपूर बर्फ पडलं होतं. चर्चच्या आसपास गाडी लावायला जागा होत्या, पण प्रत्येक जागेत कुणाची ना कुणाची खुर्ची होती. ज्यानं फावड्यानं जागा उपसली त्याची खुर्ची, आणि खुर्ची आहे तोवर जागा त्याची. या शहरात माणूस एक वेळ दुसऱ्याचं पाकीट उचलेल, पण बर्फातली खुर्ची हलवणार नाही. व्हर्नीसनं चार चकरा मारल्या, गाडी कुठल्या कुठं लावली आणि त्याच अंधाऱ्या गल्लीतून भिंत धरधरून चालत आली. दोनदा पाय सरकला. दुसऱ्या वेळी तिला कोरीनचं मनगट आठवलं.

ती पोचली तेव्हा सभा रंगात आली होती. संघटकानं कधी पुढं मिरवायचं नाही, हा तिचा दुसरा नियम. म्हणून ती मफलर नाकापर्यंत ओढूनच सवयीनं शेवटच्या रांगेत, कोटांच्या खुंट्यांजवळ जाऊन बसली.

समोर मंचावर एक रिकामी खुर्ची होती. पाठीवर लाल रंगात मोठ्ठी अक्षरं: नगरसेवक. ती बघून व्हर्नीसला भरूनच आलं. मॅकगर्क सभांना येत नसे, तेव्हा त्याची लाज काढायला तिनंच ही खुर्ची रंगवली होती. आता साहेब दिवाबत्तीवाला असला तरी यांनी जुनीच खुर्ची वापरली होती. चर्चमध्ये काही टाकून म्हणून देत नाहीत. आणि खुर्ची रिकामी, म्हणजे साहेबानं दांडी मारली होती.

"खुर्ची रिकामी का?" मंचावरून ल्यूशियसनं आरोळी दिली. तो निवृत्त बस ड्रायव्हर. सभेत वेळेची घंटा त्याच्याकडं असे.

"खुर्ची रिकामी का?" तळघर दुमदुमलं. सगळ्यात वरचा आवाज व्हर्नीसचा होता. तिनं पायांनी तालही धरला. कितीतरी महिन्यांनी तिला बरं वाटत होतं.

दुसऱ्या आरोळीला पुढच्या रांगेतल्या दोन बायका मागं वळल्या. तिसरीला अर्धं तळघर वळलं. आवाज हळूहळू गळत गेले आणि शेवटी एकटी व्हर्नीसच ओरडत राहिली.

"व्हर्नीस," ल्यूशियस माइकवरून म्हणाला, "तू तिथं काय करतेस? तुझी खुर्ची इथं आहे."

"माझी? अरे, पण दिवाबत्तीवाले..."

"त्यांना आम्ही फोन केला होता," मदर ओझेला पहिल्या रांगेतून उठल्या. "निर्णय कुणाच्या हातात आहे ते शोधा, म्हणालीस ना? ते म्हणाले, नगरसेविकेनं नुसतं कळवायचं, बाकी आमचं काम. मग बोलवायचं कुणाला, पोरी?"

तळघरात हशा पिकला. व्हर्नीस मंचावर गेली आणि खुर्चीत बसली. इतकी वर्षं तिनं या खुर्चीत मॅकगर्कला बसवायची वाट पाहिली होती. ती एवढी टणक असेल याची तिला कल्पना नव्हती.

तिला बोलायला दोन मिनिटं मिळाली. हाही तिचाच नियम. साहेबाला जास्त वेळ दिला की तो निसटतो. तिनं उपकाराचं राजकारण, लोकांची ताकद, फोन का केला नाही, हे सगळं समजावून सांगायला घेतलं. ती ताकदीपर्यंत आली तोच ल्यूशियसनं घंटा वाजवली.

मदर ओझेला काठी टेकत माइकपाशी आल्या. "दिवा लावणार की नाही? हो की नाही, एवढंच सांग."

व्हर्नीसचे डोळे पहिल्या रांगेतल्या कोरीनच्या प्लास्टरवर गेले. "हो."

"कधी?"

"शुक्रवारी. म्हणजे पुढच्या."

"लिहून घ्या रे," मदर म्हणाल्या. मग माइक हातानं झाकून खालच्या आवाजात पुढं बोलल्या. "तुझ्या खोलीत बसून केलंस तर तो उपकार. इथं कबूल केलंस, आता ते काम. समजलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी झिग्मंटनं फोन तिच्यासमोर सरकवला.

"हा उपकार नव्हे," नंबर फिरवताना व्हर्नीस म्हणाली. "लोकांनी मागणी केली म्हणून मी कळवतेय."

"बरोबर आहे, बाई," झिग्मंट म्हणाला. "दिव्याला काय, तो तसाही लागतो."

कबूल केलेल्या शुक्रवारी अंधार पडताना व्हर्नीस गल्लीत येऊन उभी राहिली. दिवा लागला होता. गायनाच्या सरावाला निघालेल्या बायका त्याच्या उजेडातून ताठ मानेनं चालल्या होत्या. "थंडी काय पडलीय ना," कोरीन म्हणाली आणि गळ्यात बांधलेला हात सांभाळत पुढं गेली. दुसरीनं टोपीचं कौतुक केलं. दिव्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. साहेबानं नेमून दिलेलं काम केलं तर त्याचे आभार मानायचे नाहीत, हा व्हर्नीसचा तिसरा नियम, आणि तो त्यांनी चांगला पाठ केला होता. तरी तिला वाईट वाटलं. चांगलंच वाईट वाटलं.

ती गल्लीतून वळून चर्चच्या समोर आली. रस्ताभर बर्फात खुर्च्याच खुर्च्या. पण दाराच्या अगदी पुढ्यात एक जागा डांबर दिसेपर्यंत उपसलेली होती आणि तिच्या मधोमध लाल अक्षरांची ती खुर्ची उभी होती. पायरीवर ल्यूशियस फावड्याला टेकून धापा टाकत होता.

"बघत काय राहिलीस?" मदर ओझेला दारातून म्हणाल्या. "जा, गाडी आण."

"माझ्यासाठी ठेवलीत?" व्हर्नीसनं विचारलं. "मदर, आभार मानायचे नाहीत असं मीच..."

"आभार कोण मानतंय? गुरुवारी फुटपाथची सभा आहे. गाडी लावायला जागा मिळाली नाही, ही सबब आम्हाला सांगायची नाही."

व्हर्नीसनं गाडी आणली आणि खुर्ची बाजूला सारून जागेत लावली. मग खुर्ची काखेत मारली आणि ती आपणच तळघरात मंचावर नेऊन ठेवली.